पावणेचारशे सीसीचा श्वास

केटीएम आरसी ३९०चं इंजिन एखाद्या गॅरेजमध्ये उघडलेलं दिसलं, तर मेकॅनिकला विचारून त्याचा पिस्टन हातात घ्या. रुंदीला तळहात भरून टाकेल एवढा, पण उंचीला इतका बुटका की अर्धा कापून आणलाय की काय, असं वाटावं. माथ्यावर चार खळगे कोरलेले असतात, कारण वरून चार व्हॉल्व्ह खाली उतरतात आणि त्यांची पिस्टनशी गाठ पडून चालत नाही. बाजूची भिंत फक्त दोन अंगांना, जिथे सिलिंडरवर रेटा येतो तिथेच. बाकीचा धातू काढून टाकलेला. पिनेचं भोक माथ्याच्या अगदी लगत. एक ग्रॅमसुद्धा फुकट बसू दिलेला नाही.

आता याच्याशेजारी जुन्या ३५० बुलेटचा पिस्टन ठेवा. दोन्ही इंजिनं एकाच सिलिंडरची आणि आकारमानाने जवळजवळ सारखी: बुलेट ३४६ सीसी, आरसी ३७३ सीसी. पण बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, ९०, तर आरसीचा बोअर ८९ आणि स्ट्रोक अवघा ६०. म्हणजे एक उंच, अरुंद सिलिंडर आणि एक ठेंगणा, रुंद सिलिंडर. हिशेब कागदावर करून पाहता येतो. त्रिज्या साडेचव्वेचाळीस, तिचा वर्ग, गुणिले पाय (π), गुणिले साठ. उत्तर येतं सुमारे ३,७३,२७० घन मिलिमीटर. शोरूमच्या पत्रकावरचा ३७३.२ सीसी हा आकडा असा शाळेतल्या भूमितीतून हातात येतो, तेव्हा खरंच छान वाटतं.

सारख्याच जागेतून बुलेटचं ते ३४६ सीसीचं नंतरच्या काळातलं इंजिन सुमारे २० घोड्यांची ताकद काढायचं. आरसी काढते साडेत्रेचाळीस. दुपटीहून जास्त. हे जास्तीचे घोडे येतात कुठून?

पहिला अंदाज असा असतो की आरसीचा प्रत्येक स्फोट बुलेटपेक्षा दुप्पट जोराचा असणार. तसं नाही. इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, बुलेटचा २८ न्यूटन-मीटर आणि आरसीचा ३७. फरक आहे, पण एक तृतीयांशाच्या आसपासच. खरी तफावत फेऱ्यांमध्ये आहे. बुलेटची सर्वाधिक ताकद मिनिटाला ५,२५० फेऱ्यांवर येते, आरसीची ९,००० वर. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या, एवढंच समीकरण आहे. बुलेट सावकाश, लांब ढांगा टाकते. आरसीची ढांग आखूड आहे, पण ती पडते इतक्या झपाट्याने की डोकं चक्रावून जावं.

९,००० आरपीएम हा आकडा आपण सहज बोलतो, म्हणून त्याच्या आत थोडं शिरून पाहू. मिनिटाला नऊ हजार म्हणजे सेकंदाला दीडशे फेऱ्या. प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली थांबतो. म्हणजे सेकंदात तीनशे वेळा पूर्ण थांबून तीनशे वेळा पुन्हा निघतो. साठ मिलिमीटरच्या त्या प्रवासात साधारण मध्यावर त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. शून्यापासून तिथवर पोहोचायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर त्याच्या दुप्पट वेळ लागतो. अख्खी गाडी शंभरावर जायला सहा सेकंदांच्या आसपास घेते आणि तेवढ्यावरच आपण हरखून जातो. तिच्या पोटातला पिस्टन तेच काम सेकंदाला शेकडो वेळा करत असतो.

इतक्या कमी जागेत इतका वेग मिळवायचा आणि लगेच सोडायचा, म्हणजे त्वरण भयंकर असणार. वरच्या टोकाला ते गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून जास्त भरतं. पिस्टन त्याच्या पिनेसकट पाव किलोचा धरला, तरी त्या क्षणी कनेक्टिंग रॉडवर पाऊण टनाचा ओढा येतो. स्फोटाचा दाब वेगळाच. हा नुसता पिस्टनला परत फिरवण्याचा खर्च. मघाच्या त्या पिस्टनवरून एकेक ग्रॅम का खरवडून काढला होता, याचं उत्तर इथे आहे. आणि स्ट्रोक आखूड का, याचंही. बुलेटचा ९० मिलिमीटरचा स्ट्रोक नऊ हजारांवर फिरवायचा म्हटलं, तर पिस्टनला त्याच वेळात दीडपट अंतर कापावं लागेल आणि धातू ते सोसणार नाही. आरसीचा पिस्टन सरासरी सेकंदाला १८ मीटर धावतो. मूळ आराखडा आखताना इंजिनिअरांची खरी झुंज असते ती या आकड्याशी.

याच नियमाचा जपानी लोकांनी काय खेळ केला ते आठवतं. स्ट्रोक जितका आखूड तितक्या फेऱ्या जास्त, मग एका सिलिंडरचे तुकडेच का करू नयेत? होंडाने १९६०च्या दशकात २५० सीसीत सहा सिलिंडर बसवले. ती आरसी १६६ मिनिटाला अठरा हजार फेऱ्या घ्यायची आणि रेसर माइक हेलवुडने तिच्यावर १९६६ आणि १९६७ ची जगज्जेतेपदं जिंकली. पुढे १९९० मध्ये होंडाच्याच सीबीआर २५० आरआरमध्ये चार सिलिंडर होते, रेडलाइन एकोणीस हजारांची आणि ताकद ४५ घोड्यांची, तीसुद्धा रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीत. पण चार सिलिंडर म्हणजे चार पिस्टन, सोळा व्हॉल्व्ह आणि त्या प्रमाणात वाढलेली किंमत. आरसी ३९०ने जवळपास तेवढेच घोडे एकाच सिलिंडरमधून, सामान्य माणसाला परवडेल अशा पैशांत काढले. मला यातलं दुसरं काम जास्त अवघड वाटतं.

फेऱ्या वाढवल्या की पुढचा प्रश्न श्वासाचा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा हवा आत जाते. नऊ हजारांवर म्हणजे मिनिटाला साडेचार हजार श्वास, प्रत्येक सुमारे एक तृतीयांश लिटरहून थोडा मोठा. सगळा हिशेब मिनिटाला सोळाशे लिटरच्या पुढे जातो. शांत बसलेला माणूस तेवढ्याच वेळात सहा ते आठ लिटर हवा घेतो. गाडी उभी असते तेव्हा त्या काळ्या प्लॅस्टिकच्या एअरबॉक्सकडे आपलं लक्षही जात नाही, पण पूर्ण थ्रॉटलला त्यातून दोनशेहून अधिक माणसांचा श्वास एकदम वाहत असतो.

आणि ही हवा आत शिरायला वेळ किती? पिस्टन खाली जाण्याचा अवधी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या तिपटीहून जेमतेम थोडा अधिक. तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडायचा, हवेने आत घुसायचं, व्हॉल्व्ह मिटायचा. इथे रुंद बोअर दुसऱ्यांदा कामाला येतो: माथा मोठा असल्याने त्यात चार व्हॉल्व्ह मावतात, दोन आत घेणारे, दोन बाहेर टाकणारे. एका मोठ्या व्हॉल्व्हऐवजी दोन लहान घेतले की हवेला शिरायला मिळणारी कडा वाढते, शिवाय प्रत्येक व्हॉल्व्ह हलका होतो. हलका व्हॉल्व्ह हवाच, कारण तो मिटायचं काम स्प्रिंगकडे असतं आणि जड व्हॉल्व्हला स्प्रिंग वेळेत परत आणू शकत नाही. मग व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून हवेत तरंगतो आणि मघाचे खळगेही त्याला वाचवू शकत नाहीत. म्हणून आरसीत माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आहेत आणि त्यांच्या खाली चिमुकले फॉलोअर, ज्यांच्यावर कार्बनचा काळा, गुळगुळीत, अतिशय कठीण थर चढवलेला असतो.

हवेलाही वजन असतं आणि धावणारी हवा एकदम थांबत नाही. पिस्टन तळाशी पोहोचून वर यायला लागला, तरी नळीतून येणारी हवा आपल्याच झोकात आत घुसत राहते. इंजिनिअर याचा फायदा घेऊन व्हॉल्व्ह जरा उशिरा मिटवतात. फेऱ्या जास्त असतील तर या झोकाने सिलिंडर ठासून भरतो. फेऱ्या कमी असतील तर झोकच नसतो आणि आत आलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते. तीन-साडेतीन हजारांवर वरच्या गिअरमध्ये आरसी अडखळते, कुरकुरते, चेन खडखडते, याचं एक कारण हेच. आणि सहा हजारांच्या पुढे अचानक कोणी पाठीमागून ढकलावं तशी ती निघते, त्याचंही कारण हेच. गाडीचा स्वभाव म्हणून आपण जे सांगतो ते बरंचसं व्हॉल्व्ह मिटण्याच्या वेळेत लिहिलेलं असतं.

प्रत्येक श्वासामागे पेट्रोल लागतं ते तीस-पस्तीस मिलिग्रॅम, फार तर एक-दोन थेंब. इंजेक्टर ते धुक्यासारखं फवारतो, सेकंदाला पंचाहत्तर वेळा, आणि दर वेळी हवा किती आली, इंजिन किती तापलंय, थ्रॉटल किती उघडलाय हे पाहून मात्रा ठरवली जाते. मग हे मिश्रण मूळ जागेच्या साडेबाराव्या भागाहून लहान जागेत दाबलं जातं. एवढं दाबलं की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपणहून पेटायला बघतं, आणि तसं झालं तर पिस्टनला हातोडे बसतात. त्याला धरून ठेवायला माथा थंड हवा. म्हणून रेडिएटर, पाणी, पंप, पंखा हा सगळा सरंजाम. पुण्याच्या सिग्नलवर उन्हाळ्यात आरसीवाल्याच्या मांड्यांना जो गरम झोत लागतो, तो या सौद्याचा भाग आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा चाकाकडे जातो, उरलेली उष्णता कुठेतरी सोडावीच लागते आणि दुचाकीवर बसणारा माणूस तिच्या अगदी मधोमध असतो.

एक सिलिंडर म्हटला की थरथर आली. पिस्टन वर-खाली आपटतो तेव्हा अख्खी चासी त्याच्या तालावर हलते. यासाठी क्रँकच्या शेजारी एक शाफ्ट त्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरतो आणि आपल्या वजनाने ते धक्के बरेचसे खोडून काढतो. बरेचसेच. नऊ हजारांवर आरशात मागची गाडी अजूनही धूसर दिसते.

इथपर्यंत ताकदीचं झालं. पण ताकद वेगात उतरते कशी, हे समजायला हीरो स्प्लेंडरचा दाखला सगळ्यात सोपा. तिची ताकद आठ घोडे, वेग कसाबसा ताशी ९० पर्यंत. आरसीचे घोडे तिच्या सुमारे साडेपाचपट. मग वेग साडेपाचपट का नाही? कारण वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद आठपट. घोडे साडेपाचपट असतील तर वेगाला त्याचं घनमूळ मिळतं, पावणेदोनपटीच्या आसपास. नव्वदचे एकशे अठ्ठावन्न. आरसी प्रत्यक्षात १७०च्या जवळ जाते. हा जास्तीचा वेग बराचसा फेअरिंगने आणि टाकीवर छाती टेकून बसण्याच्या पद्धतीने मिळवलेला आहे. समोरचा तो टोकदार मुखवटा पुष्कळ जण शोभेचा समजतात, पण दीडशेच्या पुढे तोही घोड्यांच्या बरोबरीने ओढतो.

वेग आला की थांबणं आलं. आरसीच्या पुढच्या चाकाला ३२० मिलिमीटरची डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर आहे. तो बायब्रेचा, म्हणजे इटलीच्या ब्रेम्बोचा लहान गाड्यांसाठीचा ब्रँड. शंभरावरून पूर्ण जोराने ब्रेक मारला आणि टायरने साथ दिली, तर गाडी तीन सेकंदांच्या आसपास, सुमारे चाळीस मीटरमध्ये उभी राहते. शंभरावर जायला लागले सहा, थांबायला तीन. गाडी १७२ किलोची आणि माणूस सत्तर किलोचा धरून ऊर्जेचा हिशेब मांडला, तर ब्रेक त्या तीन सेकंदांत सरासरी जेवढी ताकद गिळतो, ती इंजिनाच्या पूर्ण ताकदीइतकी भरते. ब्रेक दाबल्याच्या पहिल्या क्षणी तर त्याच्या दुप्पट. गाडीवरचं सगळ्यात ताकदवान यंत्र इंजिन नाही, पुढचा ब्रेक आहे. शाळा-कॉलेजातल्या प्रत्येक मुलाला हे कोणीतरी समजावून सांगायला हवं, इतकं मला ते महत्त्वाचं वाटतं.

वळणाची गंमत वेगळी. आरसी आणि ड्यूक ३९० या सख्ख्या बहिणी, जुन्या पिढीत तर चासी आणि इंजिन जवळपास एकच. पण आरसीत स्टिअरिंगचा कोन दीड अंशाने उभा केला आणि दोन चाकांतलं अंतर १,३६७ वरून १,३४० मिलिमीटरवर आणलं. दीड अंश आणि सत्तावीस मिलिमीटर. एवढ्या बदलाने एक गाडी शहरातल्या गर्दीत मजेत नाचते आणि दुसरी वळणात मनात आलं की आत झुकते. ६० किलोमीटरच्या वेगाने सुमारे अठ्ठावीस मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर गाडी पंचेचाळीस अंशांत कलवावी लागते. त्या वेळी टायर जमिनीला चिकटून असतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत, आणि गुरुत्वाकर्षणाइतकाच आडवा जोर त्याच तुकड्याने पेललेला असतो.

तेवढ्यात घाबरून ब्रेक दाबला तर? सरळ रस्त्यावरचं एबीएस फक्त चाक अडकू नये एवढं पाहतं. २०२२ च्या आरसीत गाडी किती कललीय हे मोजणारा सेन्सर आला आणि ब्रेकचा दाब त्या कोनानुसार कमी-जास्त होऊ लागला. क्लचही शहाणा आहे: घाईने गिअर खाली टाकले की मागचं चाक उड्या मारू नये म्हणून तो थोडा निसटतो. काही वर्षांपूर्वी ही सगळी हुशारी फक्त मोठ्या, महागड्या गाड्यांत मिळायची.

आणि हे सगळं जुळतं कुठे, तर पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणला. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, २०१२ मध्ये ड्यूक २०० भारतात आली, २०१३ मध्ये ड्यूक ३९० आणि २०१४ मध्ये आरसी ३९०. इंजिनाचा आराखडा ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेनचा, पण ओतीव भाग, जुळणी, तपासणी चाकणची, आणि तिथून या गाड्या युरोप-अमेरिकेत गेल्या. जर्मनीतल्या पोरांची एडीएसी ज्युनिअर कप ही रेस २०१४ मध्ये आरसी ३९०वर भरली, पुढच्या वर्षी अमेरिकेतही याच गाडीचा कप सुरू झाला. पुढे बजाजच्या डॉमिनारलाही तोच ८९ बाय ६०चा सिलिंडर मिळाला, फक्त स्वभाव शांत करून, लांबच्या प्रवासासाठी. २०२४ च्या शेवटी केटीएम कर्जाखाली वाकली, तेव्हा तिला सावरायला पैसा उभा केला तोही पुण्याच्या या कंपनीने.

कोणाला ही गाडी घ्यावीशी वाटत असेल तर माझं मत स्पष्ट आहे. रोज ऑफिसला जायला ती बरी नव्हे. मनगटं दुखतात, उष्णता लागते आणि जिथे ती खुलते तो सहा ते नऊ हजारांचा पट्टा शहरात कधी येतच नाही. पण दुचाकी कशी चालते, कशी वळते, कशी थांबते हे शिकण्यासाठी या किमतीत तिच्याइतकी चांगली गाडी मला माहीत नाही. शिकायचं मात्र ताम्हिणी किंवा वरंध घाटात नाही. तिथल्या वळणापलीकडे वाळू असते, म्हैस असते, चुकीच्या बाजूने येणारा टेम्पो असतो, आणि पंचेचाळीस अंशांत कललेल्या टायरकडे या कशासाठीही शिल्लक काही उरलेलं नसतं. कोइम्बतूरजवळचा करी स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक यासाठीच बांधलेले आहेत. हेल्मेट, लेदर, हातमोजे आणि बूट घाला, टायरची हवा तपासा, आणि एकदा तरी एखाद्या ट्रॅक-डेला ही गाडी नऊ हजारांवर नेऊन तिथून पूर्ण ब्रेक मारून थांबवून पाहा.